सटवाई की मी?

"मॅडम, बाप झाल्याचा आनंद नेमका कधी होतो?"

इतक्या सरळ शब्दांत हा प्रश्न मला फार थोड्या पुरुषांनी विचारला आहे. बहुतेकजण दुसरंच काही घेऊन येतात. झोप लागत नाही, पित्त वाढलंय, कामावर लक्ष राहत नाही. अर्धा तास असा गेला की खाली बघत हळूच येतं, "तसं घरात बाळ आलंय म्हणा..." बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेल्या वीस वर्षांत हे 'म्हणा' मी इतक्यांदा ऐकलंय, की तो शब्द आला की मी वही मिटून ठेवते. बोलणं खरं तिथून सुरू होतं.

या सगळ्या बापांना जे सांगावंसं वाटतं, ते एका तरुणाच्या निमित्तानं सांगते. त्याची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये तो लेथवर काम करतो. वय एकतीस. पहिली मुलगी, तेव्हा महिन्याची. बायको बाळंतपणाला माहेरी, खानापूरच्या पुढे नंदगडकडच्या एका खेड्यात. हा दर रविवारी मोटरसायकलनं जायचा, संध्याकाळी परत.

"सगळे इचारायलेत, खूश न्हवं? मी व्हय म्हणतो. खरं मला आतनं काय वाटायलंच न्हाई. पोरगीला बगितलं की छान हाय म्हणतो, शेजाऱ्याच्या पोरीला म्हणावं तसं. माझ्यात काय कमी हाय काय, मॅडम?"

(आमच्याकडचं 'खरं' म्हणजे 'पण', हे बेळगावकरांना सांगायला नको.)

पूर्वी मी अशा वेळी 'तुम्हाला कसं वाटतं?' असं विचारायची. आता विचारत नाही. ज्याला काही वाटत नाही म्हणूनच तो आला आहे, त्याला तोच प्रश्न परत करून काय उपयोग? मी विचारलं, "गेल्या रविवारी मुलगी तुमच्या हातात किती वेळ होती?"

तो गोंधळला. मग आठवून म्हणाला, "मामींनी फोटोला दिली. तवर आज्जी म्हणाली, द्या हिकडं, बापय माणसाला मान धराय येत न्हाई."

"म्हणजे किती वेळ?"

"दोन मिंटं असंल."

"आणि आधीच्या रविवारी?"

"तेवढंच."

चार रविवार मिळून दहा मिनिटं होईनात. हिशेब त्यानंच बोटांवर केला आणि आपल्याच बोटांकडे बघत राहिला.

सासरी त्याचा मान काही कमी नव्हता. उलट तोच आड येत होता. जावई आला की सोप्यात खुर्ची, पाठीला लोड, दुपारी कोंबडं. बाळबाळंतीण आतल्या खोलीत, दाराला पडदा. आत शेकशेगडी, धुरी, तेलपाणी, सगळा बायकांचा कारभार. पाहुण्यानं आत काय करायचं? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, त्यात आईला मिळणारी विश्रांती आणि माया मला फार मोलाची वाटते. पण त्या व्यवस्थेत बापाची जागा कुठे, हे कोणी ठरवलेलंच नाही. तो सोप्यात बसून आनंदाची वाट बघत बसतो.

दुसरी गाठ त्यानंच सोडवून दाखवली. बातमी कळली त्या दिवशी तो शॉपमध्ये कुंदा, आमची खव्याची मिठाई, घेऊन गेला होता. एकजण म्हणाला, "असू दे गा, पहिली बेटी धनाची पेटी." दुसरा म्हणाला, "पुढच्या वेळी पेढे." घरी शेजारच्या काकूंनीही तीच म्हण ऐकवली. "मी नाराज न्हवतोच मॅडम. खरं समदी समजूत घालायला लागल्यावर मलाच वाटलं, आपून नाराज असाय पायजे काय?" म्हण चांगली आहे, लोकांचं मनही वाईट नसतं. पण ज्याला आनंद व्हायचा आहे त्याचं सांत्वन केलं, की त्याचा आनंद तिथेच अडकतो. मुलीच्या बापांकडून मी हे पुन्हा पुन्हा ऐकते.

तिसऱ्या भेटीत त्याला घरातल्या पसाऱ्याबद्दल सहज विचारत होते. कपडे कोण धुतं, जेवण कोण करतं. तो म्हणाला, आई करते सगळं. मग थोडं थांबून, "एक शर्ट तेवढा दिला न्हाई."

"का?"

"मागच्या रव्वारी पोरगीनं त्याच्यावर दूध काढलंय. खांद्यावर. दारामागं खिळ्याला हाय."

"किती दिवस झाले?"

"आठ." मग अगदी हळू, "रात्री जरा वास घेतो."

मी काहीच बोलले नाही. एकतीस वर्षांचा माणूस, हाताला कटिंग ऑइलचा वास मुरलेला, दारामागच्या खिळ्यावरच्या शर्टाला नाक लावून उभा राहतो आणि समुपदेशकाला येऊन सांगतो की मला काही वाटत नाही. काही वेळानं मी म्हटलं, "तुम्ही मला विचारलंत आनंद कधी होतो. खिळ्याला काय टांगलंय मग?"

त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरला.

माझ्या कामातले हे क्षण मला सर्वांत प्रिय आहेत, म्हणून इथे थोडी थांबते. त्याच्याजवळ आनंद नव्हता असं नाही. त्याला तो ओळखता येत नव्हता, कारण त्यानं बापाचा आनंद कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या मनातला आनंद म्हणजे पेढे, फटाके, फोनवरचं स्टेटस, मित्रांचा कल्ला. ओंजळभर दुधाच्या वासाला आनंद म्हणायचं, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

"तुमच्या अप्पांनी तुम्हाला कडेवर घेतलेलं आठवतं?" मी विचारलं.

"कधीच न्हाई. आज्ज्यासमोर आपलं पोर घ्यायचं न्हाई, असं होतं आमच्यात."

हे सीमाभागातल्या, आणि इथल्या कन्नड घरांतल्याही, जुन्या पिढीला नवीन नाही. वडीलधाऱ्यांपुढे स्वतःच्या लेकराचं कौतुक करणं म्हणजे आगाऊपणा. चुलत्यानं पुतण्याला खांद्यावर बसवायचं, बापानं मात्र दुसरीकडे बघायचं. मी त्याला म्हटलं, आईला एकदा विचारून या, अप्पा काय करायचे ते.

पुढच्या वेळी तो हसतच आला. आई म्हणाली होती, "तुझा बा रानातनं आला की पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा आणि पेपर धरून बसायचा. तासभर पान उलटायचा न्हाई." अप्पांनीही मायेचा रस्ता काढला होता, फक्त तो एका दोरीएवढा लांब होता. लेकाला आता हातभर जवळ यायचं होतं.

त्याला मी एकच काम दिलं. रविवारी तिथे गेल्यावर बाळाचं एक काम पूर्ण आपलं करायचं. 'मदत' करायची नाही, काम आपलं. त्यानं दूध पाजल्यावर ढेकर काढायचं निवडलं. अंघोळ आज्जी सोडणार नव्हत्या आणि सोडावी असं मीही म्हटलं नाही. पायावर घेऊन न्हाऊ घालणारे ते हात मुरलेले असतात. बायकोला आधी फोनवर सांगून ठेवलं, तिनं आज्जीला सांगितलं. आज्जी कुरकुरल्या. मग मान कशी धरायची, एक तळहात मानेखाली, एक कमरेखाली, हे त्यांनीच शिकवलं. ज्यांनी काही आठवड्यांपूर्वी 'येत न्हाई' म्हटलं होतं, त्यांनाच गुरू केलं की विरोध मावळतो, हे मी आता अनुभवानं छातीठोक सांगू शकते.

मग आली सुगी. भातकापणीला सगळं घर शिवारात. मुलगी सात आठवड्यांची. बायको न्हाणीघरात, आणि सोप्यात हा एकटा, मांडीवर पोर. लंगोट बदलताना त्यानं तोंडानं मशीन बंद होताना होतो तसा आवाज काढला. ती बघत राहिली. आणि हसली.

संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं तर आज्जी म्हणाल्या, "आत्ताच कुठलं हसायलीय? सटवाई हसवती तिला."

तो सोमवारी कामावरून थेट माझ्याकडे आला. भेटीचा दिवस नव्हता, वेळ घेतलेली नव्हती. दारातच उभा राहून म्हणाला, "मॅडम, खरं खरं सांगा. सटवाई का मी?"

मी विचारलं, "झोपेत होती?"

"न्हाई. डोळं सताड उघडं."

"कुठं बघत होती?"

"माझ्या तोंडाकडं."

"तोच आवाज परत काढलात?"

"चारदा. चारीदा हसली."

"मग सटवाई नव्हे. तुम्ही."

त्याचा चेहरा मी आजही विसरलेले नाही.

आज्जींचंही चूक नव्हतं. पहिल्या काही आठवड्यांत बाळ झोपेत हसतं, ते कोणाकडे बघून नसतं. त्याला आपल्या बायकांनी सटवाईचं हसणं म्हटलं. साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास दुसरं हसू येतं, जागेपणी, चेहरा बघून, उत्तर म्हणून. त्याआधीही बाळ अगदी आंधळं नसतं. जन्मतः त्याला वीस ते तीस सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात स्पष्ट दिसतं. कोपराच्या बेचक्यात धरलेल्या बाळापासून आपला चेहरा साधारण तेवढाच लांब असतो. सोप्यातल्या खुर्चीवरून बाप बाळाला दिसत नाही, ही अक्षरशः खरी गोष्ट आहे.

आई-बाळाच्या ओढीचा अभ्यास करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या विचारावर वाढलेली मी समुपदेशक आहे, आणि ते लपवतही नाही. पण बोल्बींनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात बापाच्या वाट्याला मुख्यतः आईला आधार देण्याचं काम आलं होतं, तिथे मी त्यांच्याबरोबर थांबत नाही. १९६४ मध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी ग्लासगोमधल्या ६० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बाळ कोणाजवळ जास्त तास असतं यावर ओढ ठरत नव्हती. त्याच्या हाकेला कोण ओ देतं, त्याच्याशी कोण खेळतं, यावर ठरत होती. दीड वर्षाची होईपर्यंत त्यातली सुमारे तीन चतुर्थांश मुलं वडिलांनाही जोडली गेलेली होती. फक्त रविवारी भेटणाऱ्या बापांना मी हे मुद्दाम सांगते. तास कमी आहेत म्हणून हात आखडून बसू नका.

बदल बापाच्या शरीरातही होतो. फिलिपीन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांची काही वर्षं पाहणी झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. जे बाप झाले त्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक उतरलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त मुलाचं करत होते त्यांच्यात ते आणखी कमी होतं. 'पोराचं करणं हे बापय माणसाचं काम नव्हे' म्हणणाऱ्यांना मी सांगते, तुमचं शरीर त्याच कामासाठी बदलायला तयार आहे. हातानं करत गेलं की मनाला वाटू लागतं. उलट क्रमानं, आधी वाटेल आणि मग करीन, असं म्हणत थांबलेले बाप मी वर्षानुवर्षं थांबलेले पाहिले आहेत.

म्हणून बायको माहेरी असेल तर रोज एका ठरलेल्या वेळी फोन करा आणि तो बाळाच्या कानापासून थोडा लांब धरायला सांगा. तेच चार शब्द, तोच सूर. गाणं येत नसेल तर शॉपमधलं काय झालं ते सांगा. भेटीला गेलात की हात धुऊन थेट आत जा, जेवण मागाहून. आणि सासूबाईंना माझी विनंती आहे, जावयाला कोंबडं एक रविवार कमी करा, पण मांडीवर नात द्या.

रडण्याबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे बापांचा धीर सुटतो. दुसऱ्या महिन्यात बाळ सर्वांत जास्त रडतं, तीन-चार महिन्यांत ते उतरतं. तुमच्या हातात गेल्यावरच रडतं, असं नाही. डोकं तापलं तर बाळाला उताणं, सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटं बाहेर जा. त्याला कधीही गदागदा हलवू नका.

आणि एक गोष्ट माझ्या खोलीत सुटत नाही. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास, चिडचिड, दारू वाढलेली, बाळाकडे बघवत नाही, जगू नये असं वाटतं, तर ते 'आनंद अजून आला नाही' यात मोडत नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य बापांनाही येतं, सुमारे दहात एकाला. मानसोपचारतज्ज्ञ गाठा. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रंदिवस चालतो, फोन फुकट आहे. जगू नये असं वाटत असेल तर आजच.

त्या तरुणाची शेवटची भेट चौदा आठवड्यांच्या लसीच्या दिवशी झाली. बायको-मुलगी घरी आल्या होत्या. सगळेच आले, अप्पासुद्धा. बायकोनं दूध पाजून मुलगी त्याच्याकडे दिली. खांद्यावर जुनाच पंचा टाकून तो खोलीभर फेऱ्या मारत बोलत होता, खुर्चीवर बसलाच नाही. मधेच अप्पांनी हात पुढे केले. "आण हिकडं, दमला असशील."

"थांब अप्पा," तो म्हणाला, "ढेकर येऊ दे."