सांगलीत गावभागात जुना फ्लॅट घ्यावा का? आई-वडिलांना सगळं चालत मिळावं, एवढंच हवंय.

घ्या, पण आधी पार्किंगची भिंत बघा. २०१९ च्या पुराची रेघ कधीकधी नव्या रंगातूनही डोकावते. तेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. विजेचे मीटर नंतर वर घेतलेत का, हे वॉचमनला विचारा, एजंटला नको. बाकी गणपती मंदिर, हरभट रोड, भाजी सगळं पायी, हे सुखच. आमच्या आईला रिक्षा लागतच नाही. लिफ्ट मात्र हवीच. कागदांत भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी), इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचा ना-हरकत दाखला बघा. भाव कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेवरच, बोला. विकणारा "इथं पाणी कधी आलंच नाही" म्हणाला, तर समोरच्या किराणावाल्याकडून पावशेर चहापत्ती घ्या आणि सहज विचारा.