विसरण की अभिसरण?

खानापूरहून आलेला प्रश्न असा : मराठी माध्यमातली मुलगी 'फोडणीचा वास घरभर जातो' याला विसरण (डिफ्यूजन) लिहिते, शिकवणीत मात्र त्याला अभिसरण (कन्व्हेक्शन) सांगितलं. बरोबर कोण? आणि 'विसरण'चा 'विसरणे'शी काही संबंध आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी. संबंध नाही. 'विसरणे' हे 'विस्मरण'च्या घराण्यातलं. शास्त्रातलं 'विसरण' संस्कृत 'सृ' म्हणजे सरकणे, जाणे या धातूचं. प्रसरण, अभिसरण, परासरण ही त्याची सख्खी भावंडं. कन्नडातही हा शब्द जवळपास असाच आहे, त्यामुळे एकच शब्द दोन भाषांत वेगळ्या अर्थाने येण्याचा सीमाभागातला नेहमीचा घोळ इथे होत नाही. तो 'विकिरण'मध्ये होतो : कन्नडात ते रेडिएशन, महाराष्ट्राच्या पुस्तकांत प्रकाशाचं विखुरणं. दोन्हीकडची गाइडं चाळणाऱ्या बेळगावच्या पोरांनी तिथे जपून राहावं.

आता वास. अभिसरणात हवा किंवा पाणी स्वतःच हलतं आणि सोबत वास, रंग, उष्णता घेऊन जातं. विसरणात माध्यम जागच्या जागी असतं. कण इकडेतिकडे आपटत, दिशा न ठरवता भटकतात. जिथे ते जास्त आहेत तिथून जास्त निघतात आणि कमी परततात, म्हणून एकूण हिशेब दाटीकडून विरळाकडे जातो. 'कण कमी संहतीकडे (कमी दाटीकडे) धावतात' हे वाक्य म्हणूनच फसवं आहे. एकट्या कणाला संहती कळत नाही. भटकतात ते कण, हवा त्यांना नेत नाही, म्हणून 'हवा वासाचे विसरण करते' असंही लिहू नये. 'वासाचे हवेत विसरण होते' असं लिहावं.

अडॉल्फ फिक या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञाने 1855 मध्ये याचे दोन नियम मांडले. पहिला : एक चौरस मीटरातून एका सेकंदात जाणारा पदार्थ संहतीच्या उताराच्या प्रमाणात असतो. या नियमाच्या सूत्रात ऋण चिन्ह असतं, ते एवढंच सांगतं की ओघ उताराच्या खालच्या बाजूला आहे. प्रमाणाचा जो आकडा लागतो तो विसरण गुणांक. दुसरा : उतार सगळीकडे सारखा असेल तर जेवढं येतं तेवढंच जातं, संहती बदलत नाही, उतार जिथे बदलतो तिथेच ती काळानुसार वाढते किंवा घटते.

यातून निघणारी गोष्ट परीक्षेत क्वचित विचारतात, पण खरी कामाची तीच आहे : लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंदाजासाठी अंतराचा वर्ग भागिले गुणांकाची दुप्पट. पाण्यात साखरेचा गुणांक सेकंदाला सुमारे 0.5 × 10⁻⁹ चौरस मीटर. म्हणजे 1 मिमीला साधारण 17 मिनिटं, 1 सेंमीला 28 तास, 10 सेंमीला जवळजवळ चार महिने. न ढवळलेला चहा वरपर्यंत थोडाफार गोड लागला, तर ते श्रेय बहुतांशी अभिसरणाचं. हवेत गुणांक 10⁻⁵ च्या घरात असतो. तरी 3 मीटर जायला विसरणाला पाच दिवस लागतील. फोडणीचा वास पुढच्या खोलीत काही क्षणांत येतो तो गरम हवेच्या झोताने. तेव्हा शिकवणीतलं उत्तर जास्त बरोबर. मुलीचे गुण मात्र कापू नयेत, कारण अत्तराचं नाहीतर उदबत्तीचं हे उदाहरण विसरण म्हणूनच शिकवलं जातं.

निखळ विसरण बघायचं तर बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात केस हार्डनिंगच्या, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करण्याच्या, भट्टीपाशी बघावं. पोलाद घन, त्यात अभिसरणाला वावच नाही. 925 अंश सेल्सिअसला कार्बन चार तासांत साधारण सव्वा मिमी आत शिरतो. अडीच मिमी केस डेप्थ (कठीण थराची खोली) हवी, म्हणजे अंतर दुप्पट, तर आठ तास पुरत नाहीत, सोळा लागतात. तापमान घसरलं तर गुणांक झपाट्याने पडतो आणि ठरल्या वेळेत थर पातळ राहतो.

शाळेत करायचं तर 1 ग्रॅम चायनाग्रास (अगर-अगर) 100 मिली पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावं, सरळ परीक्षानळीत ओतून गार करावं आणि घट्ट झाल्यावर वर खाण्याच्या रंगाचं दाट पाणी घालावं. जेलीत पाणी वाहू शकत नाही, म्हणून अभिसरण थांबतं. रंगाची कड तासाभरात 2 मिमी उतरली तर चार तासांनी 4 आणि नऊ तासांनी 6 मिमीच्या आसपास मिळावी. कड नळीच्या भिंतीलगत पुढे पळत असेल तर जेली काचेपासून सुटली आहे. रंगाच्या शेपट्या खाली लोंबत असतील तर ती नीट गोठलेली नाही.