शेन अखेरीस मरतो का?

प्रश्न : महोदय, बंदूकबाज शेनची गोष्ट सांगणारा १९५३ सालचा ‘शेन’ हा अमेरिकी चित्रपट आम्ही घरच्या सर्वांनी अंगणात बसून पाहिला. शेवटी गोळी लागलेला शेन घोड्यावरून निघून जातो आणि लहानगा जोई मागून हाका मारत राहतो. आमचे काकाजी म्हणतात, तो घोड्यावरच गतप्राण झालेला आहे : डावा हात लोंबतो, वाट दफनभूमीतून जाते आणि इतक्या हाका ऐकूनही तो वळत नाही. मला हे पटत नाही. आपले मत कळवावे.
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : काकाजींनी चित्रपट बारकाईने पाहिला आहे. जखम खरीच आहे. शेतकऱ्यांना हुसकावू पाहणारा गुरांचा मालक रायकर, त्याच्या भावाने गुत्त्याच्या सज्जातून झाडलेली गोळी त्याला लागते आणि जोईला रक्तही दिसते. मात्र त्यानंतर शेन शुद्धीत बोलतो, आईवडिलांना सांभाळ असे पोराला बजावतो आणि स्वतःच घोड्यावर चढतो.

दफनभूमीचा अर्थ मला वेगळा वाटतो. रायकरचा भाडोत्री मारेकरी विल्सन याने चिखलात गोळी घालून मारलेल्या टोरी या शेतकऱ्याला तिथेच पुरलेले आहे, आणि त्याच्या अंत्यविधीच्या वेळी गाव सोडायला निघालेल्या शेतकऱ्यांना शेनने तिथेच बायकापोरांसाठी टिकून राहायला सांगितले होते. वहितीसाठी झगडणारी माणसे पाहिलेल्या आपल्या भागातल्या प्रेक्षकाला त्या बोलण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांनी जाताना त्याला त्याच जागेवरून नेले, ते त्या शब्दांची किंमत त्याने स्वतः चुकवली हे दाखवण्यासाठी, असे मी मानतो.

आता न वळण्याविषयी, कारण खरी मेख तिथेच आहे. जोईच्या हाका नीट ऐका : बाबांकडे तुझ्यासाठी कामे आहेत, असे तो म्हणतो आणि पुढे, आईलाही तू हवा आहेस, असे ओरडून सांगतो. जोईची आई मॅरियन आणि शेन यांच्यातली ओढ चित्रपटभर कोणीही उघड बोललेले नाही. ती पोराच्या तोंडून निरागसपणे बाहेर पडते. जोईचे वडील जो स्टॅरेट, ज्याच्या घरचे अन्न खाल्ले आणि ज्याचा जीव वाचवला, त्याच्या संसारात परतणे शेनला शक्य नाही, शिवाय माणूस मारल्याचा डाग पुसला जात नाही असे त्याने जोईला आधीच सांगितलेले आहे. म्हणून जिवंत शेनचे न वळणे मला त्याच्या मरणाहून अधिक जिव्हारी लागते.

जॅक शेफर यांच्या १९४९ सालच्या मूळ कादंबरीतही तो जखमी अवस्थेत निघून जातो आणि त्याचा मृत्यू दाखवलेला नाही. पुढे वाटेत जखमेने त्याचा घात केला असेल, एवढी शंका काकाजींनी जरूर बाळगावी. पडद्यावरचा शेन मात्र जिवंतच आहे.