खटला आणि खटलं

दारव्ह्याकडच्या एका वाचकांचा प्रश्न: गावच्या वक्तृत्व स्पर्धेत पोरं ‘हेगला युद्धकैद्यांवर खटला चालला’ असं म्हणतात, ते बरोबर का? साफ चूक. युद्धकैदी म्हणजे लढताना शत्रूच्या हाती लागलेला शिपाई. त्याचा छळ करणारा तो युद्धगुन्हेगार, आणि निकाल लागेपर्यंत तोही नुसता आरोपी. मारणारा आणि मार खाणारा एकाच नावानं ओळखला जातो हे ऐकलं की डोकं उठतं.

पण खरी गंमत ‘खटला’ या शब्दात. आपल्याकडे ‘त्याइचं खटलं मोठं हाये’ म्हणतात, तेव्हा कोर्ट कोणाच्या मनातही नसतं. माणसं, गडी, गुरंढोरं असा घरचा सगळा पसारा असतो. एका प्राध्यापकांनी मला ठणकावलं की हे दोन शब्द वेगळे, उच्चार तेवढा सारखा. मला अजिबात मान्य नाही. तालुक्याच्या कोर्टात पेशीच्या दिवशी जाऊन पाहावं. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात कागदावर नाव एका भावाचं. पण थोरला, धाकटा, चुलता, भाकरीचं गाठोडं घेतलेली म्हातारी, सगळे लिंबाखाली येऊन बसलेले. घरचं खटलं कोर्टात गेलं तोच खटला, हे माझं मत मी सोडणार नाही.

१९९३ साली स्थापन झालेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाची धडपड नेमकी याच्या उलट होती. सर्बिया, क्रोएशिया वगैरे ज्यातून फुटून निघाले त्या युगोस्लाव्हियातल्या युद्धांबद्दल १६१ जणांवर आरोप ठेवले, ज्याचे त्याच्या कृत्याचे. कुठल्या समाजावर नाही. पुढाऱ्यांनी मात्र त्याचं घरचं खटलं केलं. सर्बियात माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचला २००१ मध्ये हेगच्या ताब्यात देणारे पंतप्रधान जिंजिच यांचा मार्च २००३ मध्ये खून झाला. त्याच डिसेंबरच्या निवडणुकीत कट्टर सर्ब राष्ट्रवादी पुढारी शेशेल हेगच्या कोठडीत होता, आणि त्याच्या पक्षाला २५० पैकी ८२ जागा मिळाल्या, सगळ्यांत जास्त. माझ्या मते ती मतं त्याच्या कारभाराला नव्हती. आपल्या घरातल्या माणसाला परक्यांनी ओढून नेलं, या रागाची होती.

क्रोएशियातही तेच. सर्बांवरच्या अत्याचारांचा आरोप असलेला क्रोएशियाचा जनरल गोतोविना सापडत नाही म्हणून युरोपीय संघानं मार्च २००५ मधली प्रवेशाची बोलणी पुढे ढकलली. एका फरारी माणसापायी अख्खा देश दाराबाहेर. २०११ मध्ये त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली, २०१२ मध्ये अपिलात तो निर्दोष सुटला. झाग्रेबच्या चौकात माणसं मावेनात. सर्बियाचे राष्ट्राध्यक्ष निकोलिच यांनी तोच निकाल राजकीय ठरवला.