मास मीडियाचं दुसरं वर्ष : "सोडून देऊ का?"

"बीएएमएमसी सोडून साध्या बीएला जाऊ का?" मुंबई विद्यापीठात बीएएमएमसीच्या (मल्टीमीडिया आणि मास कम्युनिकेशनमधली बीए) दुसऱ्या वर्षातल्या मुलीचा हा प्रश्न. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तो आमच्याकडे हमखास येतो, कारण तिसऱ्या वर्षासाठी पत्रकारिता की जाहिरात हे तेव्हाच ठरवायचं असतं. ही मुलगी कोकणातली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, मुंबईत हॉस्टेलवर राहणारी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दोन विषयांत केटी (नापास झाल्यामुळे पुन्हा द्यावी लागणारी परीक्षा) लागली होती, वर्गात ती तोंड उघडत नव्हती आणि बाबा फोनवर एकच विचारायचे, "याचं पुढे काय?"

अशा वेळी आधी गुणपत्रिका पाहायची. हिचं वर्ष २०२२-२३, म्हणजे लेखी ७५ आणि अंतर्गत २५ गुणांची पद्धत. दोन्ही भागांत वेगवेगळं उत्तीर्ण व्हावं लागायचं : लेखीत ३० आणि अंतर्गतमध्ये १०. मीडिया स्टडीजमध्ये तिला लेखीत २४ होते. दुसऱ्या विषयात मात्र लेखीत ३८ आणि अंतर्गतमध्ये ७. म्हणजे दुसरा विषय तिला येत होता. गटाच्या सादरीकरणाच्या दिवशी ती गैरहजर होती, म्हणून गुण गेले. 'मला हा कोर्स झेपत नाही' या एका वाक्याखाली तिने दोन निराळ्या अडचणी एकत्र बांधल्या होत्या.

अंतर्गत केटीचा मार्ग सोपा असतो, पण मुलं तो उशिरा विचारतात. केटीचा फॉर्म भरताना राहिलेला भाग अंतर्गत आहे हे कार्यालयात स्पष्ट सांगायचं, शिक्षकांकडून प्रकल्पाचा विषय आणि तारीख लेखी घ्यायची, जमा केल्याची पोच ठेवायची. तिचं हे काम महिन्याभरात संपलं.

मीडिया स्टडीजला वेळ लागला. झेरॉक्सच्या दुकानातल्या इंग्रजी नोट्स ती पाठ करत होती. १५ गुणांच्या प्रश्नात सिद्धांताची व्याख्या लिहून झाली की पुढे सुचत नसे. तिला सहा मुद्द्यांचा साचा दिला : कोणी मांडला, कधी, कोणत्या प्रश्नातून, काय आढळलं, आक्षेप कोणते, आजचं उदाहरण कोणतं. अजेंडा सेटिंग घ्या, म्हणजे माध्यमं ज्या प्रश्नांना जागा देतात तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात हा सिद्धांत. मॅककोम्ब्स आणि शॉ या अमेरिकी संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत चॅपल हिल इथल्या १०० अनिश्चित मतदारांना महत्त्वाचे प्रश्न विचारले आणि माध्यमांनी ज्यांना जागा दिली त्यांच्याशी ते ताडून पाहिले. लेख आला १९७२ मध्ये. एवढं कळलं की पाठांतर आपोआप कमी होतं.

मग तिने तेच हॉस्टेलवर करून पाहिलं. सात दिवस दोन मराठी दैनिकांची पहिली पानं घेऊन कोणत्या विषयाला किती जागा मिळाली ते वहीत मांडलं आणि दहा मुलींना विचारलं, "सध्या सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न कोणता?" याद्या फारशा जुळल्या नाहीत, कारण बहुतेकींपर्यंत बातम्या इन्स्टाग्रामवरून पोचत होत्या. उत्तरात लिहायचा आक्षेप तिथेच सापडला. सिद्धांत 'थिअरी' म्हणून बाजूला टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने असा एक तरी प्रयोग करावा, असं आमचं ठाम मत आहे.

इंग्रजीसाठी रोज अर्धा तास ठरवला. एक इंग्रजी बातमी वाचायची, तिचा आशय पाच ओळींत मराठीत लिहायचा, दुसऱ्या दिवशी मूळ बातमी न पाहता त्या ओळी इंग्रजीत करायच्या. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ साली निघालं तेव्हा इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. दोन्ही भाषांत ये-जा करता येणं हे या व्यवसायातलं जुनं आणि आजही विकलं जाणारं कसब आहे. काही महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम मराठी माध्यमातूनही चालतो. आपल्याकडे मराठीत उत्तरं लिहिता येतात का, हे परीक्षा विभागाला लेखी विचारावं, वर्गातल्या ऐकीव माहितीवर राहू नये.

बाबांशी वेगळं बोलणं झालं. त्यांना सांगितलं, "काका, आत्ता बीएला बदललं तर विषय निराळे असल्यामुळे वर्ष वाया जाण्याचा धोका आहे. ही पदवीच आहे. तीन वर्षांचं एलएलबी, एमबीए, एमपीएससीची राज्यसेवा, सगळीकडे पदवीधर म्हणून अर्ज करता येतो." पण हेही सांगावं लागलं की नुसत्या पदवीवर माध्यमात कोणी घेत नाही. मुलाखतीत काम दाखवायला सांगतात.

तिच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं. चार प्रकल्प झाले होते, चारही गटाचे, आणि तिचा वाटा कुठे लिहिलेला नव्हता. इथेच बहुतेक मुलं अडकतात. म्हणून सहा महिन्यांत एकटीने करायच्या चार गोष्टी ठरल्या : ४०० शब्दांची एक बातमी, आठ छायाचित्रांची, प्रत्येकाखाली ओळ लिहिलेली मालिका, ३० सेकंदांची रेडिओ जाहिरात (साधारण ६० शब्द, मोठ्याने वाचून घड्याळ लावायचं) आणि एक मुलाखत. बातमीसाठी तिने वसतिगृहाजवळच्या फुटपाथच्या दुरुस्तीवर माहिती अधिकाराचा अर्ज केला. शुल्क १० रुपये. उत्तराला कायद्याने ३० दिवस मिळतात, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज टाकायचा. शेवटच्या आठवड्यात टाकलेला अर्ज प्रकल्पाच्या कामाचा राहत नाही.

शाखा निवडताना मैत्रिणी जाहिरातीला चालल्या होत्या. तिला विचारलं, "या चारांपैकी कोणतं काम तू न सांगता पुन्हा केलंस?" फुटपाथची बातमी तिने तीनदा लिहिली होती. तिने पत्रकारिता घेतली.

इंटर्नशिप परीक्षेनंतरच्या सुट्टीतच घ्यायला सांगितली. सत्र चालू असताना घेतली की ७५ टक्के हजेरी भरत नाही आणि डिफॉल्टर (हजेरी कमी असलेल्यांच्या) यादीत नाव लागतं. होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या : काम कोण तपासणार, मजकुरावर नाव लागणार का, भत्ता किती. इंटर्नशिपसाठी उलट पैसे मागणारी जागा सरळ सोडायची.

मीडिया स्टडीजची केटी तिसऱ्या वर्षात सुटली, लेखीत ४१ गुण मिळाले. नव्या शैक्षणिक धोरणाच्या तुकड्यांसाठी गुणांची विभागणी आणि विषय बदलले आहेत, तेव्हा आपल्या बॅचचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि गुणपत्रिकेशेजारी ठेवूनच वाचा.