'हो' म्हणणारे किती, घेणारे किती?

प्रश्न : माझा कांदा-लसूण मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे. गिऱ्हाईक मुख्यतः पुण्या-मुंबईचं. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर मी पोल टाकला : 'कमी तिखट मसाला आणला तर घ्याल का?' दहातल्या आठ जणांनी 'हो' म्हटलं. मिरचीचा हंगाम चालू आहे. यंदा नेहमीची तिखट मिरची निम्म्यावर आणून बाकी सगळी ब्याडगी भरू का?
— एक वाचक भगिनी, विटा (जि. सांगली)

उत्तर : ताई, इतक्यात भरू नका. मिरची घरात आली की पैसे वर्षभर अडकतात, आणि पावसाळ्यात ओल लागली की ती काळी पडते. 'हो'वर बोट टेकवणाऱ्याचं मात्र काहीच जात नाही. शिवाय 'घ्याल का?' असं विचारलं की आपली माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत. मावसबहीण, शाळेतली मैत्रीण, सगळ्या कौतुकानं 'हो' दाबतात. त्यांच्या मनात खोट नसते. पण त्या मसाला तुमच्याकडून घेतात का?

हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. आज दुपारी ऑर्डरची वही घेऊन बसा. स्टोरी उघडून वर सरकवा, मतांची यादी अजून दिसत असेल तर कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी कळेल. वहीतल्या प्रत्येक नावापुढे 'हो', 'नाही' किंवा 'मत नाही' लिहीत जा. बचत गटांच्या बायकांबरोबर मी हे नेहमी करते आणि बहुतेक वेळा चित्र इथेच पालटतं. फोन करून 'दोन किलो पाठव गं' म्हणणाऱ्या काकू त्या पोलमध्ये सापडतच नाहीत, कारण त्या इन्स्टाग्रामवर नाहीत. त्यांना व्हॉट्सॲपवर विचारा, पण एकेकीला. ग्रुपवरच्या पोलमध्ये कुणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं, आणि पहिल्या दोघी जिकडे जातात तिकडेच बाकीच्या वळतात.

जुना मसाला निम्म्यावर आणायचा विचार तर मला अजिबात पटत नाही. कोकाकोलानं १९८५च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत जुनं पेय बंद करून नव्या, जास्त गोड चवीचं आणलं. त्याआधी सुमारे दोन लाख लोकांना चव देऊन पाहिली होती आणि नव्याला कौल जास्त होता. तरी लोक इतके भडकले की जुलैत जुनं पेय परत आणावं लागलं. घोटभर चाखून कुठलं आवडलं, एवढ्यावरच त्या चाचण्यांचा भर होता. जुनं कायमचं गेलं तर चालेल का, हा प्रश्न मागेच राहिला. तुमच्या पोलमध्येही तो नाही.

आता नवा पोल टाका, आणि 'घ्याल का' ऐवजी घडलेलं विचारा. 'मागच्या वर्षीचा मसाला कसा गेला?' पर्याय असे द्या : बरोबर होता, तिखट पडला, जपून वापरला, अजून शिल्लक आहे. शेवटचा पर्याय टाळू नका, मला तर तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्याकडे मसाला उरलाय त्यांना तो का उरला, हे विचारल्याशिवाय नवीन काहीही करण्यात अर्थ नाही.

मग पाच किलोचाच घाणा करा. रंगाला ब्याडगी असतेच, ती वाढवा. तिखट संकेश्वरी मिरची कमी करा आणि मसाला कांडपावरून कुटून आणा. अर्ध्या किलोच्या पाकिटाचा भाव स्टोरीवर स्पष्ट लिहा आणि शंभर रुपये आगाऊ मागा. जेवढे पैसे जमा होतील तेवढ्याच मालाची पुढची ब्याडगी घ्या. आठातले दोघं पैसे भरतील, कदाचित तिघं. तेही थोडे नाहीत, तेवढ्यावर नवा मसाला सुरू होतो.

पोल टाकायचा सोडू नका. बरणी की पाकीट, पाव किलो की अर्धा, कुरिअर सोमवारी की शनिवारी, असल्या गोष्टींना तो फार उपयोगी आहे, कारण चुकलं तरी पुढच्या खेपेला बदलता येतं.

आणि 'नाही' म्हणणाऱ्या दोघांना आधी फोन करा. त्यांची नावं वहीत जुनी असतील, तर त्यांना लागणारी तिखट मिरची या हंगामात सगळ्यांत आधी घेऊन ठेवा.