शॉकखालचा दाब आणि आकारमान: सुरुवात इथून करा
घाबरू नका, आधी दोनच सूत्रं हातात बसवा. शॉक म्हणजे पदार्थातून धावणारी जोरदार दाबाची लाट; शॉकवेग म्हणजे त्या लाटेचा वेग, आणि कणवेग म्हणजे लाटेमागे पदार्थ स्वतः ज्या वेगानं सरकतो तो. दाब = मूळ घनता × शॉकवेग × कणवेग. उरलेल्या आकारमानाचं मूळ आकारमानाशी गुणोत्तर = १ − (कणवेग ÷ शॉकवेग).

तांबं घेऊन कागदावर करून बघा: घनता ८.९३ ग्रॅम/घन सेंमी, कणवेग १ किमी/से, शॉकवेग साधारण ५.४३ किमी/से. दाब ४८ गिगापास्कलच्या वर जातो, आकारमान उरतं जेमतेम ८२ टक्के. (याच एककांत आकडे घातलेत तर उत्तर थेट गिगापास्कलमध्ये मिळतं, मी उगाच पास्कलची शून्यं मोजत बसायचो.)

हमखास चुका दोन:
- ह्युगोनिओ वक्राला पदार्थाचा मार्ग समजणं. तो फक्त अंतिम स्थितींचा वक्र, म्हणजे वेगवेगळ्या ताकदीच्या शॉकनंतर पदार्थ जिथे पोचतो ते दाब-आकारमानाचे बिंदू. पदार्थ रॅले रेषेवरून (सुरुवातीची आणि अंतिम स्थिती जोडणारी सरळ रेषा) थेट उडी मारतो.
- त्याला समतापी (तापमान स्थिर ठेवलेला) वक्र मानणं. शॉकमध्ये पदार्थ तापतो.

ग्रुनाइझेन गुणांक (उष्णतेमुळे दाब किती वाढतो ते सांगणारा आकडा) सध्या राहू द्या.